लॅपटॉपच्या पाटीवर अर्धीच माहिती का?

महोदय,

सप्रेम नमस्कार. गेल्या पंधरा दिवसांत आपल्या अंकात लॅपटॉपच्या पानभर जाहिराती तीनदा आल्या. तिन्ही मी शब्दन्‌शब्द वाचल्या, कारण वाचणं हाच माझा व्यवसाय आहे. २२ वर्षं मी मुद्रितशोधन करते आणि त्यातली निम्म्याहून जास्त वर्षं ते लॅपटॉपवर करते. प्रत्येक चित्राखाली त्याच चार ओळी होत्या: प्रोसेसरचं नाव, ८ किंवा १६ जीबी रॅम, ५१२ जीबी स्टोरेज, १५.६ इंची स्क्रीन. खाली ठळक किंमत. दुकानात गेलं तरी मशीनपुढे उभ्या केलेल्या पाटीवर याच चार ओळी.

त्या ओळींत खोटं काही नसतं. पण या चारही ओळी तंतोतंत सारख्या असलेली दोन मशीनं शेजारी-शेजारी ठेवली, तर त्यातल्या एकावर माणूस सात-आठ वर्षं निवांत काम करेल आणि दुसरं तिसऱ्या वर्षीच अपुरं पडेल, असं होऊ शकतं. माझ्या बाबतीत झालं. म्हणून हे पत्र जरा लांबलं तरी लिहिते आहे.

२०२१ साली मी जो लॅपटॉप घेतला त्याची रॅम, म्हणजे उघडलेली कामं एका वेळी धरून ठेवणारी मेमरी, ८ जीबी होती. घेताना मी विचारलं होतं, "पुढे वाढवता येईल ना?" विक्रेता म्हणाला, "हो मॅडम, कधीही." मी निर्धास्त झाले. दोन वर्षं बरी गेली. मग प्रकाशकांकडून चारशे-पाचशे पानांची सचित्र पुस्तकं पीडीएफमध्ये येऊ लागली. एका बाजूला पीडीएफ, दुसऱ्या बाजूला लेखकाची मूळ प्रत, ब्राउझरमध्ये शब्दकोश आणि संदर्भासाठी उघडलेली दहा-बारा पानं, एवढं सगळं एका वेळी लागतं. पान उलटायला दोन-तीन सेकंद लागू लागले. ऐकायला ते काहीच वाटत नाही. पण दिवसभरात शेकडो वेळा पुढे-मागे जावं लागतं आणि दर वेळी नजर अधांतरी थांबते. वाचनाची लय तुटली की चूक निसटते. त्या वर्षी एका पुस्तकात माझ्या हातून सनावळीची चूक निसटली. ती छापून आल्यावर मी रात्रभर झोपले नाही.

रॅम वाढवून घेऊ म्हणून मशीन दुरुस्तीच्या दुकानात नेलं. कारागिराने ते उपडं केलं, तळाचे स्क्रू काढून एका वाटीत ठेवले आणि प्लास्टिकच्या पातळ पट्टीने कडेकडेने झाकण उचकटलं. आत पंखा, लांबट काळी बॅटरी आणि बोर्ड. चिमट्याच्या टोकाने त्याने बोर्डावरचे नखाएवढे काळे चौकोन दाखवले. म्हणाला, "ताई, ही तुमची रॅम. बोर्डावरच सोल्डर केलेली आहे. हिला हात लावता येत नाही, आणि दुसरी बसवायला इथे खाचच नाही." शेजारी त्याच कंपनीचं, नावात एका अक्षराचा फरक असलेलं दुसरं मशीन दुरुस्तीला उघडून ठेवलं होतं. त्यात बोटभर लांबीची हिरवी पट्टी दोन चापांमध्ये बसवलेली होती. त्याने दोन्ही चाप बाहेरच्या बाजूला दाबले, पट्टी एका कडेने वर आली, त्याने ती काढली, पुन्हा तिरकी घालून खाली दाबली. टक्‌ असा आवाज झाला. "तुमचं असं असतं तर दोन मिनिटांचं काम होतं," तो म्हणाला आणि माझ्या मशीनचे स्क्रू परत लावायला लागला. पैसेही घेतले नाहीत त्याने.

त्या दोन्ही मशीनांच्या पाटीवर '८ जीबी रॅम' एवढंच लिहिलेलं असणार.

मला सोल्डर केलेल्या रॅमबद्दल तक्रार करायची नाही. ती वीज कमी खाते, जागा कमी घेते, वेगही चांगला देते. २०२४ साली आलेल्या काही इंटेल प्रोसेसरांत तर रॅम बोर्डावरही नसते, प्रोसेसरच्याच पॅकेजमध्ये १६ किंवा ३२ जीबी बसवलेली असते. अ‍ॅपलच्या स्वतःच्या एम-वन प्रोसेसरपासूनच्या लॅपटॉपांतही रॅम वेगळी काढता येत नाही. चालेल. पण रॅम पक्की आहे हे घेण्याआधी कळलं असतं, तर मी त्याच दिवशी थोडे जास्त पैसे घालून १६ जीबीचं मशीन घेतलं असतं. दोन शब्द लागले असते पाटीवर: 'वाढवता येते' किंवा 'वाढवता येत नाही'.

आणि ८ जीबी आता पुरत नाही, हे खुद्द कंपन्यांनीच आपल्या वागण्यातून मान्य केलेलं आहे. विंडोज ११ साठी किमान ४ जीबी रॅम सांगितली जाते, पण मायक्रोसॉफ्टने २०२४ मध्ये एआयची कामं करणाऱ्या मशीनांसाठी 'कोपायलट प्लस पीसी' हा शिक्का काढला तेव्हा त्यासाठी किमान १६ जीबीची अट घातली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये अ‍ॅपलने मॅकबुक एअरची सुरुवातीची रॅम ८ वरून १६ वर नेली. तरीही जाहिरातींत ८ जीबीची पक्की रॅम असलेली मशीनं 'विद्यार्थ्यांसाठी खास' म्हणून येतात. ज्याला चार-पाच वर्षं तेच मशीन पुरवायचं आहे, त्याच्याच गळ्यात ते पडतं, याचं मला फार वाईट वाटतं.

गेल्या महिन्यात नवा लॅपटॉप घ्यायचं ठरलं तेव्हा मी घरूनच प्रश्न कागदावर लिहून नेले. सोबत पेनड्राइव्ह. दुकानातला मुलगा तरुण होता, अदबीने बोलत होता. मी पहिलाच प्रश्न विचारला, "यातल्या प्रोसेसरचा पूर्ण क्रमांक काय?" त्याने पाटीकडे बघून सांगितलं, "मॅडम, आय-फाइव्ह आहे." मी म्हटलं, "ते आडनाव झालं. पूर्ण नाव सांगा."

खरंच ते आडनावच आहे. 'कोअर आय-फाइव्ह' हे नाव २००९ पासून चालत आलेलं आहे. २०१७ च्या आसपासपर्यंत लॅपटॉपच्या कित्येक आय-फाइव्हमध्ये दोनच कोअर, म्हणजे प्रत्यक्ष काम करणारे गाभे, असायचे; आय-फाइव्ह १२३५यू मध्ये दोन मोठे (वेगवान) आणि आठ छोटे (वीज वाचवणारे) मिळून दहा आहेत. पिढी क्रमांकाच्या सुरुवातीच्या आकड्यांत कळते आणि स्वभाव शेवटच्या अक्षरात. 'यू' असेल तर तो कमी विजेवर चालणारा, शांत, हलक्या मशीनचा. 'एच' असेल तर जोरकस, पण तापणारा आणि बॅटरी लवकर संपवणारा. माझ्यासारख्या लिहिणाऱ्या-वाचणाऱ्या माणसाला 'यू' पुरून उरतो. व्हिडिओ संपादन करणाऱ्याने 'एच' बघावा. 'एन' ने सुरू होणारे क्रमांक असतात, त्यांत सगळेच कोअर छोटे असतात. 'आय-थ्री एन३०५' असं नाव वाचून आय-थ्री म्हणून घेणाऱ्याला हे कोण सांगणार? २०२३ च्या अखेरीपासून इंटेलने नव्या मशीनांवरचा 'आय' काढून 'कोअर अल्ट्रा' आणि नुसतं 'कोअर ५' अशी नावं आणली आहेत, त्यामुळे आता जुनी-नवी नावं एकाच फळीवर शेजारी-शेजारी दिसतात.

इंटेलची स्पर्धक कंपनी एएमडी, तिचं उदाहरण तर मुद्रितशोधकाच्या डोळ्यांना लगेच टोचतं. 'रायझन ५, ७००० सीरिज' असं पाटीवर लिहितात. त्यात ७५२०यू येतो, ७५३०यू येतो आणि ७५४०यू सुद्धा. फरक फक्त तिसऱ्या आकड्याचा, पण आतली रचना त्याच आकड्यावरून ठरते: २ म्हणजे झेन २, ३ म्हणजे झेन ३, ४ म्हणजे झेन ४. झेन २ ही रचना २०१९ ची आहे. ७५२०यू मध्ये चार कोअर, ७५३०यू मध्ये सहा. एएमडीने या आकड्यांचा अर्थ स्वतःच जाहीर केलेला आहे, त्यात लपवाछपवी नाही. पण पाटी लिहिणारा नेमका तो आकडाच गाळतो.

दुकानातल्या त्या मुलाने मशीन उचललं, तळाच्या चिठ्ठीवरचा बारीक अक्षरांतला लांबलचक मॉडेल क्रमांक आपल्या फोनवर टाकला आणि कंपनीच्या संकेतस्थळावरचं पान उघडलं. तिथे सगळं होतं. एकाच नावाखाली चार प्रकार होते, त्यातला हा कुठला ते शेवटच्या पाच-सहा अक्षरांवरून ठरत होतं. एका प्रकारात रॅमची एक खाच मोकळी, दुसऱ्यात एकही नाही. एकात साधी स्क्रीन, दुसऱ्यात चांगली. तो म्हणाला, "मॅडम, हे मीसुद्धा पहिल्यांदाच नीट बघतोय." त्याचं मला कौतुक वाटलं. पाटी छापून येते ती त्याच्यापर्यंतही अर्धीच येते, त्यात त्याचा काय दोष?

आता स्क्रीनबद्दल. इथे मी थोडी रेंगाळणार आहे, कारण माझं पोट स्क्रीनवर आहे आणि पाटीवर स्क्रीनचे फक्त इंच लिहितात.

पेनड्राइव्हवर मी एक पान नेलं होतं. आमच्या कामातले त्रासाचे शब्द मी त्यात मुद्दाम दाटीने, १० पॉइंटमध्ये बसवले होते. 'घर' आणि 'घरं'. 'दर्या' आणि 'दऱ्या'. 'शुद्ध' आणि 'शुध्द'. पहिल्या जोडीत एका टिंबाचा फरक आहे, दुसरीत समुद्राच्या जागी डोंगरातल्या दऱ्या येतात, आणि तिसरीत तर 'शुद्ध' हाच शब्द अशुद्ध होतो. कळफलकावर 'द'च्या आधी 'ध' पडला की ही चूक होते आणि ती दिवसातून दहा वेळा सापडते. कागदावर ती चटकन दिसते. खराब स्क्रीनवर दोन्ही जोडाक्षरं मिळून एक काळपट गाठ दिसते.

दुकानात सगळ्या मशीनांवर कंपनीची चलचित्रं चालू होती: फुलं, मासे, डोंगर. त्यात कुठलीही स्क्रीन सुंदर दिसते. मी माझं पान उघडलं. पहिलं मशीन १५.६ इंची, १३६६ बाय ७६८ ठिपक्यांचं. अजूनही स्वस्त गटात अशी मशीनं येतात. इंचाला जेमतेम १०० ठिपके. 'शुध्द' मला दिसलाच नाही, माहीत असूनही. दुसरं १९२० बाय १०८० चं, तेवढ्याच आकारात इंचाला १४१ ठिपके. शब्द दिसला, पण किंचित बाजूला सरकून बघितल्यावर पांढऱ्या कागदावर पिवळट छटा आली आणि अक्षरं फिकी पडली. तो टीएन प्रकारचा पॅनल होता. तिसरं १४ इंची, १९२० बाय १२०० चं, आयपीएस पॅनलचं, म्हणजे बाजूने बघितलं तरी रंग टिकवणारं. इंचाला १६० च्या वर ठिपके. टिंब टिंबासारखं दिसलं. 'दऱ्या'मधला अर्धा र आपल्या जागी वळणदार उभा होता. मी ते पान खाली सरकवत शेवटपर्यंत वाचलं आणि डोळे मिटून पुन्हा उघडले, तरी ताण जाणवला नाही.

१९२० बाय १२०० म्हणजे रुंदीला तेवढेच ठिपके, पण उंचीला १२० ओळी जास्त. चित्रपट बघणाऱ्याला त्याचं काही नाही. लिहिणाऱ्या-वाचणाऱ्याला मात्र पानाच्या चार-पाच ओळी जास्त दिसतात आणि तेवढंच सरकवणं वाचतं.

मग मी त्या मुलाला विनंती केली की मशीन जरा खिडकीपाशी नेऊ या. तिथे खरी परीक्षा होते. स्क्रीनचा उजेड 'निट'मध्ये मोजतात. २५० निटची स्क्रीन दुकानाच्या आतल्या भागात झकास दिसली आणि खिडकीपाशी आल्यावर तिच्यात मला माझाच चेहरा दिसायला लागला. ३०० च्या वर असेल तर दिवसा घरात नीट काम होतं. ४०० असेल तर आणखी चांगलं. मॅट म्हणजे बिनचकाकीची स्क्रीन असेल तर तिच्यात आजूबाजूचं प्रतिबिंब पडत नाही.

आणखी एक आकडा असतो, तो तर पाटीवर मी एकदाही पाहिलेला नाही: रंगांची व्याप्ती. एनटीएससी आणि एसआरजीबी ही रंगांची दोन मापं. संकेतस्थळावर '४५ टक्के एनटीएससी' असं लिहिलेलं असेल तर समजावं की लाल रंग विटकरी दिसणार. चांगल्या स्क्रीनवर '१०० टक्के एसआरजीबी' असतं. मला याचं काय, असं कोणी म्हणेल. आमच्याकडे एकाच फाइलवर लेखक, संपादक आणि मी अशा तिघांच्या दुरुस्त्या तीन रंगांत असतात. जुन्या मशीनवर संपादकांचा लाल आणि माझा नारिंगी मला वेगळा ओळखू यायचा नाही. मी संपादकांची दुरुस्ती माझी समजून खोडली आहे, एकदा नव्हे तर तीनदा, आणि दर वेळी फोन करून माफी मागितली आहे. ओएलईडी, म्हणजे प्रत्येक ठिपका स्वतः उजळणाऱ्या, स्क्रीनवर रंग अप्रतिम दिसतात हे खरं, पण त्यातल्या काही स्क्रीन उजेड कमी केल्यावर डोळ्यांना न दिसणारी लुकलुक करतात आणि काहींचं त्याने डोकं दुखतं. ज्याला दिवसभर वाचायचं आहे त्याने अशा स्क्रीनचा उजेड कमी करून तिच्यापुढे पंधरा-वीस मिनिटं बसून बघावं.

स्टोरेजबद्दल फार लिहीत नाही. एसएसडी (फिरत्या तबकडीऐवजी चिपवर साठवणारी) असली म्हणजे झालं, असं आता सगळ्यांना माहीत आहे. फक्त अगदी स्वस्त मशीनांत ईएमएमसी नावाचा प्रकार असतो, तो बोर्डावर पक्का असतो आणि एनव्हीएमई या वेगवान प्रकारच्या एसएसडीपेक्षा कितीतरी मंद चालतो, तो टाळावा. ५१२ जीबी घेतली आणि विंडोजमध्ये ४७६ च दिसते म्हणून घाबरू नये. कंपनी हजाराच्या पटीत मोजते, विंडोज १०२४ च्या पटीत, त्यामुळे आकडा कमी दिसतो. जागा तेवढीच असते.

बॅटरीचं मात्र सांगायलाच हवं. पाटीवर '१२ तासांपर्यंत' असं लिहितात. हे तास बहुतेक वेळा उजेड कमी ठेवून एकच व्हिडिओ चालवून मोजलेले असतात. बॅटरीचं खरं माप वॉट-अवर. मशीनला सरासरी ८ वॉट लागत असतील तर ४२ वॉट-अवरची बॅटरी पाच तासांच्या थोडी पुढे जाईल आणि ६० वॉट-अवरची साडेसात तास. हा भागाकार कोणालाही जमतो. पण भागायचा आकडाच पाटीवर नसतो. तो संकेतस्थळावर शोधावा लागतो. माझ्या जुन्या मशीनची बॅटरी नवी असताना ४१ वॉट-अवरची होती; विंडोजमध्ये 'पॉवरसीएफजी' आज्ञा देऊन बॅटरीचा अहवाल काढता येतो, त्यात ती आता २४ वर आलेली दिसली. चार वर्षं मी ते दिवसरात्र चार्जरला लावून ठेवत होते. बऱ्याच मशीनांत चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवायची सोय असते, ती मला कोणी सांगितली नव्हती. नव्या मशीनवर पहिल्याच दिवशी ती चालू केली.

चार्जरचं तोंडही विचारून घ्यावं. टाइप-सीची खाच दिसली म्हणजे तिच्यातून चार्जिंग होईलच असं नाही. काही खाचा फक्त फाइलींची ने-आण करतात, काही मॉनिटरही चालवतात, काही तिन्ही कामं करतात. बाहेरून सगळ्या सारख्याच. युरोपीय संघाने लॅपटॉपसाठीही टाइप-सी चार्जिंगचा नियम केला आहे, तो २८ एप्रिल २०२६ पासूनचा आहे. त्यामुळे हळूहळू हा गोंधळ कमी होईल अशी मला आशा आहे. कळफलकावर एक परिच्छेद टाइप करून बघावा. बोटांना जे कळतं ते आकड्यात सांगता येत नाही.

आणि रॅमचं काय केलं? दुकानातच त्या मशीनवर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडला. त्यात 'परफॉर्मन्स'मध्ये 'मेमरी'वर गेलं की खाली 'फॉर्म फॅक्टर' अशी ओळ येते. तिथे 'रो ऑफ चिप्स' असेल तर बहुतेक वेळा रॅम बोर्डावर पक्की असते, 'एसओडिम' असेल तर खाचेत बसवलेली. मी ती ओळ वाचली, कंपनीच्या पानाशी ताडून पाहिली, आणि १६ जीबी रॅम व एक खाच मोकळी असलेला प्रकार मागवला. तो त्या दिवशी दुकानात नव्हता. चार दिवस थांबले. खोकं आल्यावर त्याच्यावरचा मॉडेल क्रमांक अक्षरन्‌अक्षर जुळवून घेतला आणि मगच पैसे दिले.

एक गोष्ट मध्येच सांगते, कारण सध्या तिच्यापायी पुष्कळ लोक दुकानांकडे धावत आहेत. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा आधार (सुरक्षेच्या सुधारणा) संपला. माझ्या मोठ्या भावाचा लॅपटॉप २०१६ चा. त्याला सांगण्यात आलं की हा आता भंगारात द्या. विंडोज ११ त्याच्या प्रोसेसरला चालत नाही हे बरोबर आहे. इंटेलच्या आठव्या पिढीपासूनचे प्रोसेसर आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते. पण त्या मशीनमधली हार्ड डिस्क काढून एसएसडी घातली, रॅम ४ ची ८ केली (त्यात खाच होती!) आणि विंडोजऐवजी लिनक्स ही मोफत प्रणाली टाकली. भाऊ निवृत्त आहे, तो त्यावर बातम्या वाचतो, पत्रं लिहितो, नातीशी व्हिडिओवर बोलतो. जुनं मशीन उघडता येत होतं म्हणून जगलं. नवं घेण्याआधी जुनं एकदा चांगल्या कारागिराला दाखवावं, एवढंच मला सुचवायचं आहे.

आता माझी मागणी. पूर्ण माहिती पाटीवर बसत नाही, लोक गोंधळतात, असं मला एका दुकानमालकांनी सांगितलं. मला ते पटत नाही. फ्रान्समध्ये १ जानेवारी २०२१ पासून लॅपटॉपच्या किमतीजवळ तो किती दुरुस्त करता येतो याचा दहापैकी गुणांक लावणं सक्तीचं झालं. सुटे भाग मिळतात का, मशीन उघडायला किती सोपं आहे, दुरुस्तीची कागदपत्रं देतात का, हे बघून तो ठरतो. एवढ्या गुंतागुंतीच्या गोष्टीचा एक आकडा किमतीशेजारी बसतो, तर प्रोसेसरचा पूर्ण क्रमांक, रॅम वाढते की नाही, स्क्रीनचे ठिपके आणि निट, बॅटरीचे वॉट-अवर, एवढं आपल्या पाटीवर का बसू नये? मी मोजून पाहिलं. साधारण दोन ओळी वाढतात. औषधाच्या पाकिटावर त्याहून लहान जागेत त्याहून जास्त मजकूर असतो आणि तो वाचणारे वाचतात.

कंपन्यांकडे ही सगळी माहिती तयार आहे, त्यांच्याच पानावर आहे. दुकानदारांना ती नव्याने गोळा करायची नाही. निदान मॉडेलचा संपूर्ण क्रमांक छापला तरी ज्याला शोधायचं आहे तो घरी बसून शोधू शकेल, आणि ज्याला शोधता येत नाही त्याच्यासाठी घरातलं दुसरं कोणी शोधेल. कॉलेजला जाणाऱ्या मुलीसाठी वर्षभर पैसे साठवून लॅपटॉप घेणारे आईवडील माझ्या ओळखीचे आहेत. त्यांना दोन मशीनांतला फरक दुकानातून बाहेर पडल्यावर नव्हे, आत असतानाच कळायला हवा.

आपल्याकडेही एक विनंती आहे. जाहिरात आपण लिहीत नाही हे मला ठाऊक आहे. तरी लॅपटॉपच्या जाहिरातीत प्रत्येक मशीनचा पूर्ण मॉडेल क्रमांक असावा असा आग्रह आपल्या जाहिरात विभागाने धरला, तर आपले हजारो वाचक घरबसल्या तपासून घेऊ शकतील. ते क्रमांक लांबलचक, अक्षरं-आकडे मिसळलेले असतात आणि छापताना त्यात चुका होण्याचा संभव फार. त्या ओळींचं मुद्रितशोधन मी आनंदाने, काहीही मोबदला न घेता करून देईन. माझा फोन नंबर या पत्रासोबत वेगळ्या कागदावर जोडला आहे.

आपली विश्वासू,
एक मुद्रितशोधक